आमची वाटचाल : एनलार्जरच्या तारेपासून निक कलेक्शनपर्यंत

कराडच्या आमच्या स्टुडिओत काउंटरच्या खणात एक वीतभर तार आहे. तिच्या टोकाला रुपयाएवढा काळा पुठ्ठा चिकटवलेला. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९८१ साली भाड्याच्या एका खोलीत स्टुडिओ काढला. मागच्या मोरीला काळे पडदे लावून तिची डार्करूम केली. ही तार तिथली. एनलार्जर म्हणजे फिल्मवरचा फोटो कागदावर मोठा करून पाडणारं यंत्र. त्याखाली कागदावर प्रकाश पडत असताना नवरीचा चेहरा काळवंडणार असं दिसलं, की आप्पा तो पुठ्ठा चेहऱ्याच्या वर धरून हलका हलका हलवत राहायचे. दोन सेकंद, तीन सेकंद. तो कागद प्रकाशानं काळा होतो, म्हणून तेवढ्या जागी प्रकाश कमी पडला की प्रिंटमध्ये चेहरा उजळायचा. उलट कपाळ चमकत असेल, तर दोन्ही पंजांची खिडकी करून फक्त कपाळावर जास्तीचा प्रकाश सोडायचा. पहिल्याला ते 'चेहरा काढणं' म्हणायचे आणि दुसऱ्याला 'कपाळ दाबणं'. लाल दिव्यात मी शेजारी उभी राहून डेव्हलपरच्या रसायनाची बशी हलवायची. आमच्या धंद्याचं सगळं शिक्षण माझं त्या मोरीत झालं.

डार्करूम बंद झाली ती २००६ मध्ये, पहिला डिजिटल कॅमेरा आला तेव्हा. कॅमेरा दादाकडे आणि कॉम्प्युटर माझ्याकडे, ही वाटणी तेव्हाची, आजही तीच आहे. एका लग्नाचे हजार-बाराशे फोटो यायचे, त्यातले अडीचशे करिझ्मा अल्बमला लागायचे. प्रत्येक फोटोत लॅसोनं, म्हणजे फोटोशॉपमधल्या निवडायच्या दोरीनं, चेहरा कापायचा, कडा मऊ करायच्या, मग तो उजळायचा. फोटोमागे सहा-सात मिनिटं. लग्नसराईत रात्री दोन वाजल्याशिवाय शटर खाली येत नसे.

दादा निकॉनवाला असल्यानं कॅप्चर एनएक्स हे निकॉनचं एडिटिंगचं सॉफ्टवेअर आम्ही हाताळलं होतं. त्यात 'यू पॉइंट' नावाची एक सोय होती. चेहऱ्यावर एक ठिपका ठेवायचा, वर्तुळ लहान-मोठं करायचं, आणि त्या वर्तुळात ठिपक्याखालच्या रंगाशी, उजेडाशी, पोताशी मिळतंजुळतं जे असेल तेवढंच बदलायचं. कापाकापी नाही. पहिल्यांदा ते पाहिलं आणि मी आप्पांना हाक मारली. ते चष्मा पुसत आले, पाच मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "अगं, ही आपली तारच की."

ती सोय तयार करणारी कंपनी निक सॉफ्टवेअर. निल्स कोकेमोर यांनी १९९५ मध्ये जर्मनीत सुरू केलेली. फोटोशॉपच्या आत बसणारी त्यांची जोड-सॉफ्टवेअर, म्हणजे प्लग-इन, स्टुडिओवाल्यांत नावाजलेली होती. काळ्या-पांढऱ्यासाठी सिल्व्हर एफेक्स, रंगांसाठी कलर एफेक्स, फोटोतले रवाळ दाणे घालवायला डीफाइन, हव्या तेवढ्याच जागी उजेड आणि रंग बदलायला व्हिवेझा. सगळी मिळून पाचशे डॉलरच्या आसपास जायची. सप्टेंबर २०१२ मध्ये गूगलनं ही कंपनी विकत घेतली. मोबाईलवरचं स्नॅपसीडही याच कंपनीचं. २०१३ च्या मार्चमध्ये गूगलनं सगळ्या प्लग-इनचं एक गाठोडं केलं, त्याचं नाव निक कलेक्शन आणि किंमत १४९ डॉलर. तेव्हाच्या भावानं आठ हजार रुपये. आम्ही हिशेब केला आणि गप्प बसलो. चोरीची कॉपी पेनड्राइव्हवर कुणीही दिली असती, पण आप्पांना ते चालणारं नव्हतं.

मग २४ मार्च २०१६ ला गूगलनं ते गाठोडं फुकट केलं. त्या वर्षात ज्यांनी पैसे भरले होते त्यांना ते परतही मिळाले. आमच्याकडे त्या दिवशी धुळवड होती. दुसऱ्या दिवशी सकाळी केसांत रंग तसाच असताना मी ते डाउनलोड करून घेतलं.

पुढच्या दोन सीझनना आमचं काम अक्षरशः पालटलं. हळदीचा फोटो घ्या. मांडवाचा पडदा पिवळा, हळद पिवळी, वरून पिवळा बल्ब. नवरीच्या चेहऱ्यावर ठिपका ठेवून उजळायला जावं, तर मागचा पडदाही उजळतो, कारण रंग एकच. त्यावर तोड अशी की पडद्यावर दुसरा ठिपका ठेवायचा आणि त्यात काहीही बदलायचं नाही. तो नुसता राखण करतो, चेहऱ्याचा उजेड पडद्यावर सांडू देत नाही. ही युक्ती मी स्टुडिओत कामाला असलेल्या दोन्ही मुलांना शिकवली. सहा मिनिटांचं काम दीड मिनिटावर आलं. त्या जोरावर आम्ही जास्त लग्नं घेतली आणि पॅकेजच्या कागदावर ठळक अक्षरांत छापलं, 'एडिटिंग मोफत'.

आज मागे वळून बघताना मला तो कागद सगळ्यात जास्त खुपतो. साधन फुकट मिळालं म्हणून त्यावरची आमची मेहनतही आम्ही फुकट करून टाकली. डोळे आमचे, रात्री आमच्या, पण गिऱ्हाइकाला आम्हीच सांगितलं की याची किंमत शून्य आहे. शेजारच्या स्टुडिओनं तेच केलं, त्याच्या शेजारच्यानंही. वर्षभरात गावात एडिटिंगचा रुपया कुणी लावेनासं झालं.

मे २०१७ मध्ये गूगलनं जाहीर केलं की निकमध्ये यापुढे सुधारणा होणार नाहीत. आम्ही ते वाचलं आणि कामाला लागलो, कारण चालत तर होतं. ऑक्टोबर २०१७ मध्ये बातमी आली की फ्रान्सच्या डीएक्सओ कंपनीनं निक कलेक्शन घेतलं. कॅमेरा आणि लेन्सच्या मोजमापांसाठी ही कंपनी ओळखीची होती. जुनी आवृत्ती त्यांनी फुकट ठेवली आणि नव्या आवृत्तीवर काम चालू असल्याचं सांगितलं. आमच्या फोटोग्राफर मंडळींत एकच सूर होता : आता पैसे लागणार. बऱ्याच जणांनी जुनी फाइल पेनड्राइव्हवर घालून ठेवली. मीसुद्धा ठेवली, आईच्या दागिन्यांच्या डब्यात.

एप्रिल २०१८, अक्षय्य तृतीयेच्या आधीचा आठवडा. काम वाढलं म्हणून नवा कॉम्प्युटर घेतला, त्यावर नवं विंडोज, नवं फोटोशॉप, आणि डब्यातल्या पेनड्राइव्हवरून जुनं निक. तृतीयेची दोन लग्नं झाली आणि एडिटिंगला बसलो. ठिपके ठेवून झाले, ओके दाबलं, की सगळं बंद. पुन्हा उघडा, पुन्हा ठिपके, पुन्हा बंद. "ताई, परत गेलं बघा," असं कामावरचा मुलगा दिवसातून वीस वेळा म्हणायला लागला. चूक माझी होती. सीझनच्या तोंडावर मशीन बदलताना आधी एक लग्न त्यावर चालवून बघायला हवं होतं. आणि पाठीशी कुणीच नसलेल्या साधनावर अख्खा सीझन टाकला होता, ही त्याहून मोठी चूक. विचारायचं तर कुणाला? दुरुस्त करायला ज्यानं पैसेच घेतलेले नाहीत, त्याच्याकडे कोणत्या तोंडानं जायचं?

त्यातली एक नवरी बारा दिवसांत दुबईला जाणार होती, अल्बम तिला बरोबर न्यायचा होता. माळ्यावर टाकलेला जुना कॉम्प्युटर खाली काढला आणि चार रात्री आम्ही तिघांनी पाळ्या लावून त्यावर काम केलं. अल्बम निघाला. तिला तो कराडच्या स्टँडवर, पुण्याच्या गाडीत बसता बसता दिला. ते मला अजून बरं वाटत नाही.

जूनमध्ये डीएक्सओची पहिली आवृत्ती आली. ६९ डॉलर, पहिले काही दिवस ४९.९९ ला. नवीन म्हणावं असं तिच्यात फारसं काही नव्हतं, जुनी दुखणी काढून ती नव्या मशीनवर सरळ चालावी एवढंच केलं होतं. आम्हाला तेवढंच हवं होतं. तरी घरात चर्चा झाली. दादाचं म्हणणं, "काल फुकट होतं त्याला आज का द्यायचे?" त्याच सुमारास असंही कळलं की डीएक्सओ कंपनी स्वतःच अडचणीत आहे, फ्रान्समध्ये न्यायालयाच्या देखरेखीखाली तिची घडी बसवणं चालू आहे. दादा म्हणाला, "बघ, ही बुडाली तर पैसे गेले."

माझ्यावर त्या बातमीचा उलटा परिणाम झाला. तोवर माझ्या डोक्यात होतं की सॉफ्टवेअर करणारे म्हणजे बडी माणसं, त्यांना आपल्या चार-पाच हजारांचं काय. ही मात्र आपल्यासारखीच निघाली, पगार आणि देणी सांभाळत उभी राहू बघणारी. आप्पा कोपऱ्यात पेपर वाचत होते. ते दादाला म्हणाले, "इंदू छापाची फिल्म, फिक्सर, कागद. इतक्या वर्षांत यातलं काय फुकट आणलं आपण? कोल्हापूरला जाऊन रोख मोजून आणायचो. म्हणून तर दुकानदार खराब कागद बदलून द्यायचा."

त्या संध्याकाळी दादानंच कार्डवरून पैसे भरले.

खरं काम त्यानंतर होतं, ते दरपत्रकाचं. 'एडिटिंग मोफत' असलेले उरलेले सगळे कागद मी फाडले. नव्या कागदावर ओळ टाकली : 'निवडलेल्या फोटोंचं एडिटिंग, प्रत्येकी ३० रुपये.' पहिल्या महिन्यात तीन ऑर्डरी हातच्या गेल्या. चौथ्या वेळी एक काका आले, मुलीचं लग्न झालेलं. "गेल्या साली पुतणीचं तुम्हीच केलं, तेव्हा हे वेगळं नव्हतं." मी वाद घातला नाही, खुर्ची ओढून त्यांना स्क्रीनपुढे बसवलं. त्यांच्याच हळदीचा फोटो, कॅमेऱ्यातून आला तसा. मग त्यांच्यासमोर ठिपका ठेवला, वर्तुळ ओढलं, राखणीचा दुसरा ठेवला. मुलीचा चेहरा पिवळ्यातून वर आला. काका पुढे वाकले. मागे अंधारात खांबाला टेकून बसलेल्या म्हातारीवर बोट ठेवून म्हणाले, "ही माझी आई. हिचा येईल का?" तिच्यावर ठिपका ठेवला. नथ दिसायला लागली, मग डोळे. काकांनी दोनशे चाळीस फोटोंचे पैसे दिले आणि त्या एका फोटोची मोठी फ्रेम वेगळी सांगितली.

पुढच्या आवृत्त्या येत राहिल्या. २०१९ ला दुसरी, २०२० ला तिसरी. किंमत पुन्हा वरच्या पायरीवर गेली. दरवर्षी नवी घेणं आमच्या आकाराच्या धंद्याला परवडत नाही, गरजही नसते. आपलं मशीन आणि फोटोशॉप बदलायची वेळ आली की तेव्हाची आवृत्ती घ्यायची, असं आम्ही ठरवलं आहे. आणि घ्यायच्या आधी महिनाभर मोफत चाचणीची आवृत्ती उतरवून एक पूर्ण लग्न त्यावर काढतो. ही शिस्त त्या एप्रिलनं लावली.

२०२१ मधली चौथी मात्र मी लगेच घेतली. त्यात सिल्व्हर एफेक्स नव्यानं लिहिलेलं होतं आणि आमच्याकडे तेव्हा लग्नं नव्हती. दुसऱ्या लाटेचे दिवस. शटर अर्धं उघडं ठेवायचं, लोक यायचे आणि आधार कार्ड पुढे करायचे, कुणी मोबाईलमधला गर्दीतला फोटो दाखवायचे. "यातला बाबांचा तेवढा मोठा करून द्या, परवा दहावा आहे." तसल्या फोटोत चेहरा नखाएवढा, त्यात दाणेच दाणे. रंगात तो मोठा करवत नाही. आधी डीफाइननं दाणे मऊ करायचे, मग सिल्व्हर एफेक्समध्ये काळा-पांढरा करायचा, म्हणजे विटलेले रंग जातात आणि माणूस राहतो. त्या फोटोंचे आम्ही फक्त प्रिंट आणि फ्रेमचे पैसे घेतले. एडिटिंग लावलं नाही. ती किंमत आम्ही समजून उमजून सोडली.

आप्पांना आता जवळचं नीट दिसत नाही, तरी त्या दोन महिन्यांत ते रोज माझ्या शेजारी येऊन बसायचे. एका शिक्षकांचा फोटो होता, आप्पांच्या ओळखीचे. मी ठिपका ठेवला, उजेड वाढवला. आप्पांनी स्क्रीनजवळ तोंड नेलं.

"चेहरा निघालाय," ते म्हणाले. "आता कपाळ जरा दाब."