घराण्यातच आहे का हो?

रिपोर्ट घेऊन माणूस लॅबच्या खिडकीशी घुटमळला की मला कळतं, आता तोच प्रश्न येणार. परवा नवी मुंबईतल्या तुर्भे स्टोअर वस्तीतल्या एका आजींनी विचारलं, "बाई, आधी दीर, मग आमचे हे, आता नातू. टीबी आमच्या रक्तातच आहे का हो?" खिडकीशी घाईत उत्तर देते ते अर्धवट राहतं. तुम्हीही अधूनमधून विचारता, म्हणून आज नीट सांगते.

टीबी येतो हवेतून. थुंकी पसरून रंगवलेल्या काचेवर तेलाचा थेंब टाकून मायक्रोस्कोपला डोळा लावला की निळ्या पसाऱ्यात बारीक लाल काड्या दिसतात, तेच टीबीचे जंतू. कधी शंभर फील्ड, म्हणजे भिंगातून एका वेळी दिसणारे काचेचे तुकडे, चाळून मान आखडते तेव्हा एखादी, कधी एकेका फील्डमध्ये खच. 1882 साली जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉखनं हा जंतू दाखवून दिला, तेव्हाच 'घराण्याचा आजार' ही समजूत निघायला हवी होती.

ती निघाली नाही, कारण तिच्यात थोडं तथ्य आहे. जंतू शिरलेल्या शंभरांपैकी पाच-दहाच जण कधीतरी आजारी पडतात. 1930 च्या सुमारास जर्मनीत ल्युबेकला बीसीजीच्या, म्हणजे टीबीविरुद्धच्या, लशीत जिवंत, घातक जंतू मिसळले गेले आणि ती लस अडीचशेच्या आसपास तान्ह्या बाळांना पाजली गेली. सत्तरहून जास्त बाळं गेली, पण बहुतेक तगली. सगळ्यांच्या पोटात सारखेच जंतू गेले नव्हते, हे धरूनही विचार पडतोच, काहींच्या रक्तातच बचाव जास्त असेल का. एकसारख्या जुळ्यांत एकाला टीबी झाला तर दुसऱ्यालाही होण्याचं प्रमाण साध्या जुळ्यांपेक्षा जास्त आढळलं आहे.

गंमत पुढे आहे. टीवायके2 नावाच्या जीनमधला एक बदल आई-वडील दोघांकडूनही आला, तर टीबीचा धोका बराच वाढतो. असा माणूस युरोपीय वंशात सहाशेत एक सापडतो, आपल्यात अगदी क्वचित. आणि जगातले चारातले एक टीबी रुग्ण भारतात! मग रक्ताला किती दोष द्यायचा?

झारखंडमध्ये 2019 ते 2022 या काळात रुग्णांच्या घरच्यांना दरमहा तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. ज्या घरांना हे मिळालं, तिथे इतर घरांपेक्षा नवे रुग्ण जवळपास चाळीस टक्क्यांनी कमी निघाले. रक्त तर कुणाचंच बदललं नव्हतं.

आजींना एवढं सगळं कुठलं सांगणार? विचारलं, घरी झोपता कसे? दहा बाय बाराची खोली, सात माणसं. खिडकी आहे, पण ती उघडली की समोर हातभरावर शेजारच्यांची भिंत.

"मग त्याचं ताट वेगळं ठेवू?"

"ताट नका वेगळं करू. अजून कोण खोकतंय?"

सून, तीन आठवड्यांपासून. डबी दिली. आजींनी ती पदराखाली झाकून घेतली आणि परत वळल्या, "थुंकी सकाळचीच ना?"

सकाळचीच. आतून खोकून काढलेली, नुसती लाळ नको.