सोळाव्या अध्यायाची शेवटची पानं

आश्विन शुद्ध चतुर्दशी. रात्रीचे साडेअकरा.

सोलापुरात तुळजापूर वेशीजवळ घर असलं की कोजागरीच्या आदल्या रात्री झोप ही लागतच नाही. संध्याकाळपासून रस्ता माणसांनी वाहतोय. रूपाभवानीचं दर्शन घ्यायचं आणि तुळजापूरची वाट धरायची. इथली, विजापूरची, गुलबर्ग्याची, कुठून कुठून आलेली माणसं. निम्म्यांच्या तोंडी कानडी, पण "आई राजा उदो उदो" सगळ्यांचं एकच. आईनं दारात खुर्ची टाकून घेतलीय. वय ८१, गुडघे गेलेले, तरी जाणाऱ्या प्रत्येकाला हात जोडतेय.

मी आत देवघरापाशी. चातुर्मासात रोज ७५ ओव्या असा नेम धरलाय. ज्ञानेश्वरी नऊ हजारांच्या आसपास ओव्यांची, म्हणजे आषाढी ते कार्तिकी बरोबर पुरते. मध्ये दोन दिवस खाडा झाला. काल सोळावा संपला, आज सतरावा लागला. काल-आजचे हे दोन दिवस लिहून ठेवायला हवेत.

गेल्या आठवड्यात बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला होता. दिवाळीसाठी माझ्या कारखान्यातले ३०० डझन टॉवेल हवे होते. वरचे लूप सुती, आतला ताणा, म्हणजे उभे धागे, पॉलिस्टरचा, आणि लेबल मात्र '१०० टक्के सुती'. मला हे नवं नव्हतं. गेल्या वर्षी दोनदा त्याला असाच माल दिलाय. हाताला कळत नाही. कळतं ते जाळून पाहिल्यावर. सुताची तार कागदासारखी जळते, वास कागदाचा, मागं भुरभुरीत राख. पॉलिस्टरची तार वितळत आक्रसते आणि टोकाला काळा टणक मणी धरतो. पण दुकानात टॉवेल घेणारी बाई काड्यापेटी घेऊन थोडीच येते?

मी हो म्हटलं होतं. सुताचे भाव, विजेचं बिल, कामगारांचा बोनस, सगळं डोळ्यांसमोर होतं.

आणि काल सोळाव्याची शेवटची पानं आली. गीतेतला श्लोक 'तस्माच्छास्त्रं प्रमाणं ते', काय करावं आणि काय करू नये हे ठरवताना शास्त्र प्रमाण धर. त्यावर माउली म्हणतात:

शास्त्र म्हणेल जें सांडावें । तें राज्यही तृण मानावें ।
जें घेववी तें न म्हणावें । विषही विरु ॥

सोडायला सांगितलं तर राज्यसुद्धा गवताची काडी समजायचं. मला राज्य कुठं सोडायचं होतं? ३०० डझन टॉवेल सोडायचे होते. ओवीवर बोट ठेवून मी तसाच बसून राहिलो. पुढं दोनच ओव्यांवर श्रुतीला, म्हणजे वेदाला, माउली म्हटलंय. अहितापासून ओढून काढते, हित देऊन वाढवते, तिच्याएवढी आई जगाला दुसरी नाही. धाकानं मी कदाचित वाकलो नसतो. आई म्हटल्यावर वाकलो.

कारण मला माझी आई आठवली. मी शाळेत होतो तेव्हा ती घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. सूत वजनावर यायचं, भरलेल्या कांड्या वजनावर जायच्या, तूट म्हणून थोडं सोडलेलं असायचं. तुटलेल्या तारांचे तुकडे आई एका फडक्यात साठवायची आणि शनिवारी कांड्यांबरोबर परत द्यायची. मालक एकदा म्हणाले, "बाई, हे टाकून द्या, नाहीतर वाती करा." आईनं वाती केल्या नाहीत. मला म्हणाली, "देवापुढं लावायची वात, ती आपल्या सुताची पाहिजे." तिला अक्षर येत नाही. सबंध हरिपाठ तोंडपाठ आहे, तोही देवळात ऐकून ऐकून.

काल दुपारी मी व्यापाऱ्याला फोन केला. पॉलिस्टर घालायचं तर लेबलवर तसं लिहायचं, नाहीतर पूर्ण सुती घ्या आणि भाव वाढवून द्या. त्यानं ऑर्डर काढून घेतली. दोन मिनिटांत विषय संपला.

रात्री जेवताना मुलाला सांगितलं. तो कारखान्यात माझ्याबरोबर असतो, त्याला लपवून चालणार नव्हतं. तो रागावला नाही, पण त्याचा प्रश्न खरा होता. म्हणाला, "बाबा, शास्त्र प्रमाण म्हणता, मग चोखोबांना देवळाबाहेर कुणी ठेवलं? शास्त्राचं नाव घेऊनच ना?"

याला पटकन उत्तर देऊ नये, असं मला वाटतं. मंगळवेढा आपल्याच जिल्ह्यातलं. तिथले चोखोबा पंढरपुरात महाद्वारासमोरच राहिले, त्यांची समाधीही तिथंच. आणि त्यांच्या माणसांना ते दार उघडायला १९४७ साल उजाडावं लागलं, साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं. प्रत्येक वारीत मी त्या समाधीपुढं डोकं टेकतो आणि प्रत्येक वेळी आत काहीतरी टोचतं. टोचायलाच हवं.

पण ज्या माउलींनी सोळाव्यात श्रुतीला आई म्हटलं, तेच अठराव्यात म्हणतात की वेद श्रीमंत खरा, पण त्याच्यासारखा कृपण नाही. तो तीन वर्णांच्याच कानाला लागला, बायाबापड्यांना त्यानं दूर ठेवलं. ते उणं फेडायला वेदच गीता होऊन आला, कुणालाही सेवन करता यावा म्हणून. शके १२१२ मध्ये, नेवाशात बसून, हे मराठीत सांगितलेलं आहे. म्हणून मी शास्त्र म्हणतो तेव्हा माणसाला दाराबाहेर ठेवणारं बाड माझ्या मनात नसतं. मला अडवतं आणि दुसऱ्याला आत घेतं, ते माझं शास्त्र. तुकोबांनी 'वेदाचा तो अर्थ आम्हांसीच ठावा' म्हटलं ते याच बळावर, अशी माझी श्रद्धा आहे. मुलाला हे एवढं जमून सांगता आलं नाही. अठराव्यातल्या त्या ओव्या काढून पुस्तक त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं वाचल्या. काही बोलला नाही, पण पान लगेच मिटलंही नाही.

आज सतराव्याच्या सुरुवातीला अर्जुन तेच विचारतो, जे माझ्यासारख्याच्या मनात असतं. शास्त्र शिकायला गुरू जवळ नाही, वेळ नाही, तेवढी बुद्धी नाही, मग श्रद्धेनं चालणाऱ्यांचं काय? माउली तिथं दृष्टांत देतात. लहान मूल पुढं कित्ता ठेवून अक्षरं गिरवतं. ज्याला चालवत नाही तो धडधाकट माणसाला पुढं घालून त्याच्यामागून जातो. वाचताना नजर आपसूक दाराकडं गेली. खुर्चीतली पाठमोरी आई दिसली. ज्ञानेश्वरी मी वाचतो आणि ती ऐकते, असंच आजवर धरून चाललो होतो. कित्ता कुणाचा गिरवतोय हे कधी ध्यानात आलं नव्हतं.

तिला सगळं सांगितलं, गेल्या वर्षीचं धरून. तिनं एवढंच विचारलं, "आधीचा माल कुठाय मग?"

व्यापाऱ्याकडचा बहुतेक विकून गेला असणार. पण त्याच लॉटमधले वीस डझन मी इथं नवी पेठेतल्या एका दुकानात टाकले होते, त्यातले थोडे अजून रॅकवर आहेत. पुढचा माल नाकारून तिथली लेबलं बदलत नाहीत. ऑर्डर सोडणं सोपं होतं. ओळखीच्या दुकानदारापुढं जाऊन "मी खोटं लिहून दिलं होतं" म्हणणं जड आहे. पोटात आत्ताच गोळा आलाय.

उद्या दुकान दहाला उघडतं. नवी लेबलं सकाळीच छापून घ्यायची. जे टॉवेल गिऱ्हाइकांनी नेले, त्यांच्या फरकाचे पैसे दुकानदाराकडं ठेवायचे. कुणी विचारत आलं तर द्या म्हणायचं.

बाहेरून आई हाक मारतेय. पाण्याचा पिंप संपला म्हणे, चालणारी माणसं तशीच पुढं चाललीत. भरून येतो.