कडेवरचं नाव

बुधवारी जुन्या बाजारात गेलो होतो तो खरं तर पान्हा घ्यायला. एका चादरीवर कुलपांच्या ढिगात काळवंडलेली चांदीची चकती दिसली. एकीकडे पंचम जॉर्ज, दुसरीकडे घोडेस्वार आणि १९१४, १९१८. ब्रिटिश वॉर मेडल, पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांना मिळालेलं पदक! रिबन गायब. मी आधी कड बघतो. नखानं मळ काढून भिंग लावलं: नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण, ११० महरट्टा लाइट इन्फन्ट्री. म्हणजे आजच्या इराकमधल्या कुत गावी तुर्कांच्या वेढ्यात अडकलेली पलटण. एप्रिल १९१६ मध्ये तिथं ब्रिटिश-हिंदी फौजेनं शरणागती पत्करली. हा शिपाई त्या वेढ्यात होता की मागाहून भरती झाला, हे पदक सांगत नाही. नाव इथं लिहीत नाही, घरचे असतील कुठंतरी.

विक्रेत्यानं मग बिगुलाचा बिल्लाही (लाइट इन्फन्ट्रीची खूण) पुढं केला, ‘ओरिजिनल आहे साहेब’. बिगुलाच्या दोरीचे पीळ पार बुजलेले, पाठीवर बारीक खड्डे. म्हणजे असलीवरून साचा घेऊन ओतलेली नक्कल. नको म्हटलं.

घरी आई चिंच घेऊन तयारच! मागं तिनं एक पितळी बिल्ला असा लख्ख घासला की अक्षरंच गेली. पदक खिशातच ठेवलं.

पान्हा राहिलाच.