दाउरा: विहिरीभोवतीचं राज्य

उत्तर नायजेरियातल्या कानो शहराहून उत्तरेला कझाउरे गाव ओलांडलं की झाडं विरळ होत जातात. आम्ही गेलो ते हरमटानच्या दिवसांत. सहाराकडून येणाऱ्या या कोरड्या वाऱ्याने आकाश पांढुरकं होतं, ओठ फुटतात. नायजर देशाच्या सीमेजवळचं दाउरा तसं लहानच गाव. पण कानो, कात्सिना, झारिया ही हौसा लोकांची मोठी जुनी राज्यं आपलं मूळ इथे सांगतात.

सोबत कानोतले हौसा सहकारी होते. आधी त्यांच्या मामांकडे गेलो. मातीच्या जाड भिंतींच्या घराला पुढे ‘झाउरे’ असते, पाहुण्यांना बसवायची खोली. परक्या पुरुषाने त्यापलीकडे जायचं नाही. चपला काढून चटईवर बसलो आणि विचारपूस सुरू झाली. झोप कशी झाली, घरचे कसे आहेत, प्रवासाचा शीण, थंडी, काम... प्रत्येकाला उत्तर ‘लाफिया’, सगळं ठीक. सहकारी मामांसमोर गुडघे टेकून, नजर खाली ठेवून बोलत होते. कामाचं बोलणं त्यानंतर. कितीही घाई असली तरी हे सुटत नाही, आणि सुटू नये असंच मला वाटलं.

मामाच आम्हाला कुसुगू विहिरीवर घेऊन गेले. तिची गोष्ट अशी: बगदादचा राजपुत्र बायाजिद्दा रात्री गावात आला आणि त्याने आयाना नावाच्या म्हातारीकडे पाणी मागितलं. विहिरीत मोठा साप होता, तो फक्त शुक्रवारी पाणी भरू देई. बायाजिद्दाने त्याच रात्री सापाचं मुंडकं उडवलं, आणि पुढे दाउरामा राणीने त्याच्याशी लग्न केलं. त्याच्या वंशजांनी सात हौसा राज्यं उभारली. इतिहासकार याला दंतकथाच मानतात. मला त्यातली राणी जास्त मोलाची वाटते. दाउरामाच्या आधीही इथे राण्याच राज्य करत, असं परंपरा सांगते. वर्षातले बरेच महिने पावसाचा थेंब नसलेल्या मुलखात विहीर ज्याच्या हाती, सत्ता त्याच्या हाती. मामा ही गोष्ट सांगत होते ती घरातल्या माणसांविषयी बोलावं तशी.

१८०४ मध्ये मूळच्या गुराखी फुलानी समाजातले मुस्लिम धर्मगुरू उस्मान दान फोदियो यांचा जिहाद सुरू झाला. हौसा राजांच्या गाद्यांवर फुलानी अमीर, म्हणजे मुस्लिम शासक, आले. शहरांतले फुलानी हौसा बोलू लागले, सोयरिकी जुळल्या. दाउरात मात्र ब्रिटिशांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जुनं हौसा घराणं परत आणलं. माजी राष्ट्राध्यक्ष मुहम्मदु बुहारी, वडिलांकडून फुलानी, १९४२ मध्ये याच गावात जन्मले.

बाजारात फुलानी बायका कोरलेल्या भोपळ्याच्या भांड्यात ‘नोनो’, म्हणजे आंबवलेलं दूध, विकत होत्या. त्यात ‘फुरा’ कुस्करतात, आलं-लवंग घातलेले बाजरीचे उकडलेले गोळे. बाजरी शेतकऱ्याची, दूध गुराख्यांचं. अलीकडे नायजेरियात याच दोघांमध्ये जमिनीवरून आणि चराईवरून रक्त सांडतं आहे, म्हणून तो वाडगा पिताना मन भरून आलं. शेजारी तांदळाच्या ‘मासा’ भाजत होत्या, थेट आपल्या आप्पेपात्रासारख्या खळग्यांच्या तव्यात.

जायचं तर ओळखीचं माणूस सोबत घ्या. दाउरा आज ज्यात येतं त्या कात्सिना राज्यात काही वर्षं अपहरणं होत आहेत, त्यामुळे रस्त्याची खबर निघण्याआधी काढा आणि उजेडातच परता. अमीरांच्या वाड्यापाशी फोटो काढायचा तर आधी पहारेकऱ्यांची परवानगी घ्या. ईदला जमलं तर उत्तमच, नटवलेल्या घोड्यांची मिरवणूक निघते. मला ती अजून पाहायची आहे.