आळंदी ते पंढरपूर: पायी वारीतलं व्यवहाराचं

पहिल्यांदा चालणारा गळतो तो बहुतेक वेळा सासवडला. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीहून निघते, पुण्यात दोन मुक्काम होतात आणि मग सासवडचा टप्पा येतो. तीस किलोमीटरच्या वर चाल, शेवटी दिवे घाट, आणि तिथी बहुधा एकादशीची, म्हणजे उपास. रथालाही घाटात जादा बैलजोड्या लावाव्या लागतात, तिथे माणसाची काय कथा! सकाळी साबुदाण्याची खिचडी दाबून खाल्ली की हडपसरपर्यंत ती छातीशी येते. त्यापेक्षा थोड्या थोड्या वेळाने केळं, खजूर, राजगिऱ्याचा लाडू खावा आणि पाण्यात लिंबू, मीठ, साखर घालावी. नुसतं पाणी ढोसलं तर घामावाटे गेलेलं मीठ भरून येत नाही, आणि रात्री पोटऱ्यांत गोळे येतात.

वारीसाठी म्हणून नवे बूट घेऊ नयेत. महिनाभर वापरलेली चप्पल किंवा सँडल बरी, तीही जरा सैल, कारण दुपारपर्यंत पाय सुजतात. फोड आला तर वरची कातडी ओढून काढायची नाही. स्पिरिटने पुसलेल्या सुईने कडेला टोचून पाणी काढायचं, कातडी तशीच ठेवून पट्टी लावायची. मधुमेह असेल तर हेसुद्धा स्वतः न करता वाटेवरच्या वैद्यकीय पथकाकडे जायचं. मांड्या घासून लंगडणारे फोडवाल्यांपेक्षा कमी नसतात, पण लाजेपायी कोणी बोलत नाही. आत लांब पायांची चड्डी आणि पहाटेच व्हॅसलीन, एवढ्यावर भागतं.

सामानाचा ट्रक पुढच्या मुक्कामाला निघून जातो, तो संध्याकाळीच भेटतो. म्हणून औषधं, पावसाचा प्लास्टिक कागद, कोरडा कपड्याचा एक जोड आणि पैसे खांद्यावरच्या पिशवीत हवेत. दिंडीचा नंबर पाठ असावा, आणि ती रथापुढे की रथामागे हेही. रथापुढे 27 दिंड्या, मागे त्याहून कितीतरी जास्त. नुसतं ‘बारा नंबर’ म्हणालात की दोन दिंड्या निघतात. चुकामूक झाली तर गर्दीत शोधत फिरू नये, सरळ तळावर, म्हणजे पालखीच्या मुक्कामाच्या जागी, जाऊन थांबावं.

तळावरची समाजआरती मात्र कितीही दमलात तरी चुकवू नका. पालखीभोवती सगळ्या दिंड्या गोल उभ्या असतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार चोप उंच करून ‘होऽऽ’ म्हणतात आणि एका क्षणात सारं गप्प. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. चोपदार तिथे जातात, गाऱ्हाणं ऐकतात, तोड निघाली की ते टाळही थांबतात. मग हरवल्या-सापडल्याची यादी आणि उद्या निघायची वेळ सांगतात. ही वेळ ज्याने ऐकली नाही त्याला पहाटे धावपळ चुकत नाही.

वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र येतात. तिथून पंढरपूर जेमतेम सहा-सात किलोमीटर, पण दशमीला त्यात दिवस सरतो. चंद्रभागेचं स्नान पुंडलिकाच्या देवळाजवळ करायचं, पण आधी पाणी पाहून. वर भीमेवर उजनी धरण आहे, आणि वीर धरणाचं पाणी नीरेतून नरसिंहपूरला भीमेत येतं. त्यामुळे पंढरपुरात थेंब नसला तरी पात्र फुगतं. शिवाय वाळू उपशाचे खड्डे! गुडघाभर पाण्यातून पुढे टाकलेलं पाऊल गळ्याएवढ्या पाण्यात जातं. काठ सोडू नये, होडीवाले सांगतील ते ऐकावं.

दर्शनाचं आधी ठरवा. पदस्पर्शाची बारी, म्हणजे देवाच्या पायांना हात लावायची रांग, आषाढी एकादशीला गोपाळपूरच्या बाजूला पत्राशेडपर्यंत पोचलेली असते. यात्रेच्या दिवसांत देवाचा पलंग काढतात, शेजारती होत नाही, देव चोवीस तास दर्शनाला उभा असतो. तरीही रांगेत दिवस-रात्र जाते. त्यातून एकादशीच्या पहाटे शासकीय महापूजेला बारी थांबते. मुखदर्शनाची रांग वेगळी आणि त्या मानाने लवकर सरकणारी. दिंडीतले जुने वारकरी बहुधा दोन्हीत जात नाहीत. स्नान, नगरप्रदक्षिणा, नामदेव पायरी आणि कळसाचं दर्शन झालं की त्यांची एकादशी झाली. आमचंही मत तेच: इतकं चालून आलेल्या पायांना वर बारीत उभं करू नये. पायांना हात लावायचाच असेल तर पुन्हा कधी साध्या दिवशी यावं. प्रदक्षिणेला पहाटेच निघा. दिवस वर आला की महाद्वाराकडे पाऊल सरकत नाही.

द्वादशीचं पारणं सुटलं की निम्मं गाव एसटीकडे धावतं. पुणे, मराठवाडा, विदर्भ अशा दिशांच्या जादा गाड्या वेगवेगळ्या तात्पुरत्या स्थानकांवरून सुटतात, तेव्हा आपलं स्थानक कुठलं ते दशमीलाच विचारून ठेवा. पौर्णिमेपर्यंत थांबणं जमत असेल तर गोपाळपूरचा काला मिळतो, आणि त्यानंतर गाडीत बसायला जागाही.