पापडातला ड आणि ऑनलाइनचा इ

आमचं दुकान बडोद्याच्या रावपुऱ्यात, प्रिंटिंगचं. फ्लेक्स, व्हिजिटिंग कार्ड, बिलबुकं, लग्नपत्रिका, सगळं. मी तिथला डिझायनर, म्हणजे खरं सांगायचं तर कोरल ड्रॉमध्ये मागच्या लग्नाची फाइल उघडायची, नवरा-नवरीची नावं बदलायची, गणपती उचलून डावीकडून मध्ये आणायचा आणि अक्षरांचे कर्व्ह (म्हणजे नुसते आकार) करून प्रिंटिंगला पाठवायची. फाइन आर्ट्सची डिग्री आहे माझ्याकडे, अप्लाइडची, ती घरी कपाटात फाइलमध्ये आहे.

घरी जाऊन स्वतःचं काहीतरी करायचं हे ठरलेलंच असायचं. त्यासाठी स्केचबुकं आणली (चांगल्या कागदाची आणली की पहिल्या पानाला हात लावायची भीती वाटते हे कोणी सांगत नाही), रोज एक चित्रवालं चॅलेंज घेतलं, रात्री उशिरापर्यंत लोक चित्रं कशी काढतात त्याचे व्हिडिओ बघितले आणि ते बघूनच झोपलो. मित्र म्हणायचे अरे बडोद्यात राहतोस, बाहेर पड, प्रेरणा घे. गेलो की. फतेहसिंह म्युझियममध्ये रविवर्म्याच्या चित्रासमोर उभा राहिलो, त्या शालूची जर बघितली आणि घरी येऊन पेन्सिलसुद्धा उचलावीशी वाटली नाही. इतकं मोठं काम बघून माणूस पेटून उठतो म्हणतात, माझं उलट होतं, मी विझतो.

तर गणपतीच्या आधीचे दिवस, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, मंडळवाले फ्लेक्ससाठी डोक्यावर बसलेले आणि त्यात एक मुलगी आली. दांडिया बाजारात त्यांचं घरगुती मसाल्यांचं दुकान आहे, आजोबांनी काढलेलं, आता ती सांभाळते. बोर्ड गंजलाय, नवीन करायचाय, मोबाइलमधला फोटो दाखवला आणि म्हणाली, "दादा, अक्षरं अश्शीच पाहिजेत हां."

आमचे शेठ गुजराती, त्यांनी लांबूनच मला खूण केली, एखादा फॉन्ट टाकून दे ने, पंधरा मिनिटांचं काम आहे. मी टाकला. स्क्रीनवर बघून ती म्हणाली, "हा ल आपला नाहीये."

बरोबर होतं तिचं. बऱ्याच फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात, आपला दोन पाकळ्यांचा ल त्यात नसतो. दुसरा फॉन्ट टाकला, मराठी वळणाचा, तर म्हणाली ल ठीक आहे पण हे आमचं अक्षर नाही. मागे मंडळवाले ओरडत होते. मी म्हटलं चला, बोर्डच बघून येतो, आणि खरं सांगू का, त्या गर्दीतून सुटायला कारण मिळालं म्हणून गेलो.

बोर्ड पत्र्याचा, लाकडी चौकटीवर ठोकलेला, ऑइलपेंटमधला. वर आडनाव आणि स्टोअर्स, खाली "घरगुती मसाले, पापड, लोणची, भाजणी", त्याच्याखाली बारीक गुजरातीत तेच. कोपऱ्यात पेंटरची सही, अर्धी गंजाने खाल्लेली. स्टूलवर चढून ट्रेसिंग पेपर लावला आणि एकेक अक्षर गिरवायला लागलो. गिरवताना कळायला लागलं की या माणसाने काय काय केलंय. शिरोरेषा पट्टीने मारलेली नाही, उजवीकडे जाताना किंचित वर चढते. पापडातले दोन प सारखे नाहीत, दुसरा अरुंद, कारण पुढे ड ला पोट सोडायचंय. स्टोअर्सपर्यंत येताना जागा संपत आली म्हणून त्याने स ला ट चिकटवलाय आणि रफार इतका छोटा केलाय की लांबून दिसतो न दिसतो, पण वाचताना अडत नाही. आणि ऊन तिरकं पडल्यावर रंगाखालून आखलेल्या रेघा दिसल्या, पहिल्यांदा त्याने "लोणची" आणखी डावीकडे आखलं होतं आणि मग बेत बदलला होता. गुजराती ओळीला तर शिरोरेषाच नाही, तिथे त्याने अक्षरं वरून मोकळी सोडलीत पण ब्रशचं वळण तेच, बघितल्यावर लगेच कळतं एकाच हाताचं आहे.

मी खाली उतरलो तेव्हा ती सहज म्हणाली, "आणि हो, खाली एक ओळ वाढवायचीये. ऑनलाइन ऑर्डर."

आता आली का पंचाईत! ज्या पेंटरने ऑनलाइन हा शब्द बहुतेक ऐकलाही नसेल त्याच्या हाताने तो लिहायचा. दुकानात परत आलो, मंडळाच्या फायली दुसऱ्या मुलाकडे सरकवल्या (तो अजून ऐकवतो), आणि ट्रेसिंग स्कॅन करून बसलो. आधी काय आहे ते मांडलं. अ आहे, स्टोअर्समधला. काना भरपूर. रफार तोच वापरता येईल. ल मसाल्यात आहे, ड पापडात, र घरात. नाहीये काय, तर न, इ आणि ऑ वरचा चंद्र. तीनच गोष्टी, पण त्या कुठूनही उचलता येत नाहीत.

न साठी मसाल्यातला म घेतला, त्याची खालची गाठ सोडवून वर आणली, आडवी रेघ लांबवली. जमला. चंद्रासाठी आधी सरळ अर्धवर्तुळ काढलं तर ते कंप्युटरचं वाटायला लागलं, बाकी सगळं ब्रशचं आणि मध्येच हे प्लास्टिक. मग घरगुतीमधला गु बघितला, त्याच्या उकाराला जी वाटी आहे, सुरुवातीला जाड आणि शेवटी निमुळती, ती फिरवून वर ठेवली आणि ऑ असा बसला की मी एकटाच हसलो. इ ने मात्र रडवलं. ड आणि इ सख्खे भाऊ, ड च्या पोटाखालून शेपूट काढली की इ होतो असं वाटतं, पण पापडातल्या ड चं पोट इतकं खाली आलंय की शेपटीला जागाच उरत नाही. शेवटी कागद घेतला, जुना चपटा ब्रश धुतला, पोस्टर कलर कालवला आणि काढत बसलो, नुसते इ. रद्दीच्या फ्लेक्सच्या मागे इ, बिलबुकाच्या पुठ्ठ्यावर इ. जेवायचं राहिलं. शेठ दोनदा येऊन बघून गेले, काही बोलले नाहीत, तिसऱ्यांदा म्हणाले, "आना (म्हणजे याचा) पैसा कोण देणार?"

संध्याकाळी केव्हातरी लक्षात आलं की कितीतरी दिवसांनी मी हाताने काहीतरी काढतोय आणि मूड आहे का नाही हा प्रश्न सकाळपासून डोक्यात आलेलाच नाही.

त्यावर नंतर बराच विचार केला. रविवर्म्यासमोर मी विझायचो ते चित्रं तयार होऊन भिंतीवर टांगल्यावर. पण ती कशी झाली? १८८८ साली सयाजीराव महाराजांनी त्याला पुराणातल्या विषयांवरची १४ चित्रं सांगितली. ऑर्डर होती ती! संख्या ठरलेली, विषय ठरलेले. इथल्याच कीर्तिमंदिराच्या, म्हणजे गायकवाडांच्या स्मारकाच्या भिंतींवर चित्रकार नंदलाल बोसांनी गंगावतरण, मीराबाई, टागोरांच्या नाटकातली नटीर पूजा आणि महाभारताचं युद्ध रंगवलं, १९३९ ते १९४६ मध्ये, तिथेही भिंती आधीच बांधून तयार होत्या, जेवढी भिंत तेवढंच चित्र. आणि आमच्या दुकानापासून जवळच तांबेकर वाड्यात भित्तिचित्रं आहेत ती तर एका दिवाणाच्या राहत्या घरातली, घरमालकाने सांगितलं म्हणून रंगवलेली. मी यांची तुलना मसाल्याच्या बोर्डाशी करत नाहीये, कोणी अंगावर येऊ नका. पण मी घरी कोऱ्या पानासमोर बसून "काहीतरी मनातलं" शोधायचो तेव्हा मला काय काढायचं, केवढं काढायचं, कोणासाठी, यातलं काहीच ठरलेलं नसायचं. इथे तीन अक्षरं ठरलेली होती आणि एक मुलगी होती जिला ल चुकला तर लगेच कळतं. मला तेवढंच लागत होतं बहुतेक. सगळ्यांचं असं नसेल. माझ्या बॅचची एक मैत्रीण आहे, तिला कोणी विषय दिला की तिचा हात बांधल्यासारखा होतो, ती रिकाम्या दुपारीच काम करते आणि भारी करते.

बोर्ड लागला. मुलीचे वडील रस्त्याच्या पलीकडे जाऊन, हात मागे बांधून बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, छान झालाय, फक्त तो इ जरा पाहुण्यासारखा उभा आहे. खरंय, मलाही तसंच वाटतं. ती म्हणाली बाबा गप्प बसा, आणि मला म्हणाली दादा आता पाकिटांची लेबलं पण याच अक्षरात करू या, उपवासाची भाजणी आणि मेतकूट.

शेठनी यावेळी रेट आधी ठरवून घेतलाय.

उ ची चिंता नाही, तो अ च्या डाव्या अंगात जवळपास तयारच आहे. व आणि क ला मात्र बोर्डावर कसलाच आधार नाही, एक जमला तर दुसरा त्याच्यातून निघेल, पण पहिला कुठून आणायचा? आमच्या कटिंगवाल्या काकांचं म्हणणं आहे की मांडवीकडे एका गल्लीत कापडाच्या दुकानावर अशाच हाताचा बोर्ड आहे, आणि कापड म्हटलं की क आलाच. ते म्हणतात दुकान बंद असतानाच जा, उघडं असलं की मालक बाहेर साड्या टांगतो आणि अर्धा बोर्ड झाकून जातो. रविवारी ट्रेसिंग पेपर घेऊन जातोय, स्टूल काका आणणार आहेत.