नऊ नंबरची टाकी

सॉव्हिन्यॉ ब्लां ही पांढरी वाईन आंबायला लागली की चौथ्या-पाचव्या दिवशी सेलरचं दार उघडतानाच कळतं. पिकलेला पेरू, चुरगळलेली टोमॅटोची पानं आणि खोटं कशाला सांगू, थोडा मांजराच्या मुताचाही वास. त्या जानेवारीत आठ नंबरच्या टाकीला तो मस्त सुटला होता. शेजारच्या नऊ नंबरला नुसतं लिंबाचं पाणी.

दोन्ही माल दिंडोरीकडचा, एकाच आठवड्यातला. यीस्ट एकच, तापमान चौदा अंश. नऊ नंबरच्या रसाचे आकडे तर जास्तच देखणे: ब्रिक्स, म्हणजे साखर, २१.४, पीएच ३.३, आम्ल लिटरला सात ग्रॅम.

पहिला संशय द्राक्षं पिळायच्या प्रेसवरच्या पोरावर आला. या रसाला हवेचं वावडं असतं. म्हणून प्रेसमध्ये कोरडा बर्फ टाकायचा, रस लगेच दहा अंशांवर आणायचा, रात्रभर निवळू द्यायचा आणि वरचा स्वच्छ रस तेवढा काढायचा. ही आमची सगळ्यात जिवाची कामं, आणि मी स्वतः उभी राहून करून घेते. तरी ‘बर्फ कमी टाकला’ असा ठपका पोरावर बसला. काही बिघडलं की आमच्याकडे आधी सगळ्यात कमी पगाराचा माणूस सापडतो.

वाईन तयार झाल्यावर मार्केटिंगच्या साहेबांनी ग्लास फिरवला. “मिनरल आहे. ल्वार शैली म्हणून विकू.” फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या काठी सान्सेर आणि पुई इथे थंडी आहे, चुनखडी आणि गारगोटीची जमीन आहे, द्राक्ष सावकाश पिकतं. तिथली वाईन हळू बोलते, पण बोलते. पुई-फ्युमेच्या तर नावातच धूर आहे. तिकडचेच बोर्दोवाले हिच्यात सेमियॉं हे दुसरं द्राक्ष मिसळतात, कधी लाकडी पिंपात ठेवतात. न्यूझीलंडच्या मार्लबरोत ही वेल १९७०च्या दशकात लागली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत पॅशन फ्रूट आणि ढोबळी मिरचीचा असा गलका केला की जगभर लोक ‘सॉव्हिन्यॉ’ म्हणजे तेच समजू लागले. आमच्याकडे रात्री गार असल्या तरी दुपारचं ऊन घडावर पडतं आणि ढोबळी मिरचीचा वास उतरतो. उरतो पेरू. तोच गेला तर आमच्या वाईनकडे सांगायला काही राहत नाही. नऊ नंबरची मितभाषी नव्हती, मुकी होती. हे मी साहेबांना सांगितलं. त्यांनी ‘मिनरल’ वहीत लिहून घेतलं.

पेरूचा वास थायॉल नावाच्या गंधकाच्या संयुगांचा. लिटरमागे काही नॅनोग्रॅम असले तरी नाकाला कळतात. द्राक्षात ते बांधलेले असतात, यीस्ट त्यांना सोडवतं. १९९०च्या दशकात बोर्दोतल्या तोमिनागा आणि द्युबुर्दियू यांच्या प्रयोगशाळेने यांतले महत्त्वाचे थायॉल ओळखले. तांबं मात्र गंधकाला धरतं. वाईनला सडक्या अंड्यांचा वास आला तर आम्हीच चिमूटभर मोरचूद घालून तो घालवतो. ते तांबं चांगला वास कुठला आणि वाईट कुठला हे बघत नाही. आणि मोरचूद-चुन्याचं मिश्रण, जे आपल्याकडे आजोबांपासून डाऊनी या वेलीच्या रोगावर मारतात, तेही १८८०च्या दशकात बोर्दोतच निघालं.

हे सगळं मला आधीपासून माहीत होतं, म्हणून तर डोक्यातून जात नाही.

माल आला त्या पहाटे वजनकाट्यावर पाच पिकअप उभ्या होत्या. नऊ नंबरचा माल ज्यांचा, त्या अण्णांच्या क्रेटवर टॉर्च मारला तेव्हा काही घडांच्या देठांवर निळसर ठिपके दिसले. एक मी अंगठ्याने पुसूनही पाहिला. मागची गाडी हॉर्न देत होती, रिफ्रॅक्टोमीटर साखरेचा चांगला आकडा दाखवत होता. शेऱ्यात मी ‘स्वीकृत’ लिहिलं.

पंधरा दिवसांनी अण्णांच्या मळ्यात जाऊन फवारणीची वही मागितली. तोडणीच्या बारा दिवस आधी कॉपर, म्हणजे तांब्याचं औषध.

“मॅडम, दोन दिवस अवकाळी बरसला. पानं गेली असती तर साखर कुठून भरली असती?”

खरंच होतं ते. शिवाय चूक त्यांची नव्हतीच. आम्ही दिलेला फवारणीचा कागद निर्यातीच्या टेबल द्राक्षांच्या यादीवरून उतरवलेला. त्यात औषधाचा अंश किती उरतो एवढंच पाहिलेलं, आणि त्या हिशेबात कॉपर चालतं. वासाचा रकाना कुणी कशाला करेल?

ऑफिसात अण्णांचा दर कापायची भाषा सुरू झाली तेव्हा मी तोच कागद टेबलावर ठेवला. दर वाचला. प्रेसवरचं पोरगं तोवर क्रेट धुवायला गेलं होतं, ते आजही तिथेच आहे. वजनकाट्यावरचा ठिपका मी कुणालाच सांगितला नाही.

अण्णा माळकरी. वीस वर्षं वाईनची द्राक्षं पिकवतात, थेंब जिभेला लावलेला नाही. ते बिलासाठी आले तेव्हा दोन ग्लास पुढे केले. म्हटलं, प्यायचं नाही, नुसता वास घ्या. आठ नंबर हुंगून ते हसले. “पेरू की हो!” नऊ नंबर बराच वेळ नाकाशी धरला. मग ग्लास खाली ठेवून विचारलं, “ही आपली?”

मी मान हलवली.

“मग पुढच्या साली पाऊस आला तर काय मारू?”

नव्या कागदात मी एक ओळ घातली होती: सॉव्हिन्यॉला मण्यात पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी पिकायला लागल्यावर, कॉपर नाही. सगळ्या वाणांना एकच कागद हवा, म्हणून ऑफिसने ती काढली. अण्णांच्या कागदावर मी ती पेनने लिहून दिली. कॉपरऐवजी काय, ती जागा अजून कोरी आहे.